बोर्डाचा सातबारा

छोट्या कॉम्प्युटर बोर्डांवर लिनक्स बसवायचं काम करणाऱ्या आमच्या टीममध्ये कोल्हापूरची एक मुलगी नव्याने जॉईन झालीय. कॉलेजात लिनक्सवर भरपूर खेळलेली, पण सगळं पीसीवर. एकदा टपरीवर चहा घेताना तिने सरळच विचारलं, "दादा, उबुंटूची जी आयएसओ माझ्या लॅपटॉपवर चालते तीच मामाच्या दुकानातल्या जुन्या डबड्यावरही चालते, मग आपणच का प्रत्येक बोर्डासाठी वेगळी इमेज बनवत बसतो?" (इमेज म्हणजे कार्डावर चढवायची अख्खी तयार सिस्टीम, आयएसओही तसलीच.) मी सांगायला लागलो आणि चहा संपला, दुसरा मागवला, तरी सांगणं संपेना. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न मला स्वतःला अजून आवडतो आणि त्याचं उत्तर अजून पूर्ण ठरलेलं नाहीये, जगातच ठरलेलं नाहीये.

पीसीचं कसं असतं, की त्यातले बरेचसे भाग बोलके असतात. पीसीआय बसवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या कार्डं जोडायच्या वाटेवर, बसलेलं प्रत्येक कार्ड आपल्या अंगावर कंपनीचा नंबर आणि स्वतःचा नंबर घेऊन बसलेलं असतं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रांगेत एकेकाला विचारत जातो की बाबा तू कोण, आणि ते सांगतं. यूएसबीचं तेच, पेनड्राइव्ह खुपसला की तो आपली ओळख स्वतःच करून देतो. आणि जे बोलके नाहीत, म्हणजे बॅटरी, पंखा, झाकण उघडं की बंद ते सांगणारा स्विच, त्यांच्यासाठी एसीपीआयची टेबलं असतात, १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून ती पद्धत आणली. ही टेबलं मदरबोर्ड बनवणारा लिहितो आणि मशीनच्याच फर्मवेअरमध्ये, म्हणजे आत कायम बसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवून देतो. म्हणजे हार्डवेअरचं वर्णन तिथेही आहेच बरं का, फक्त ते मशीनच्या पोटात आहे म्हणून आयएसओ बनवणाऱ्याला त्याची काळजी करावी लागत नाही आणि वापरणाऱ्याला तर ते असतं हेही माहीत नसतं.

आमच्या छोट्या बोर्डांवर हे सुख नाही. एआरएमच्या, म्हणजे मोबाइलमध्ये असते त्या जातीच्या चिपमध्ये यूआर्ट (सिरियल पोर्ट) अमुक पत्त्यावर, ईथरनेट तमुक पत्त्यावर, जीपीआयओ (वाटेल तशा वापरायच्या पिना) आणखी तिसरीकडे, आणि यातलं कोणीही आपण होऊन सांगत नाही. बाहेर आयटूसीच्या दोन तारांवर लटकलेली सेन्सर मंडळी तर पूर्ण मुकी. हेक्समधल्या, म्हणजे सोळाच्या मोजणीतल्या, ४८ या पत्त्यावर तापमान मोजणारी एलएम७५ बसलेली असू शकते, नाहीतर व्होल्टेज मोजणारी एडीएस१११५ पण असू शकते, दोघींचा ठरलेला पत्ता तोच. पलीकडून उत्तर आलं तरी उत्तर देणारी कोण हे कळत नाही. अंदाजाने चाचपडत जावं म्हटलं तर चुकीच्या पत्त्यावर हात लावला की अख्खी सिस्टीम लटकू शकते. म्हणजे कुणीतरी हे सगळं आधी लिहून ठेवलं पाहिजे आणि कर्नल उठायच्या आत त्याच्या हातात दिलं पाहिजे.

तो कागद म्हणजे डिव्हाइस ट्री. डीटीएस नावाची साधी वाचता येणारी टेक्स्ट फाईल असते, त्यात एकात एक घरं, प्रत्येक घरात हा भाग कुठल्या चिपशी जुळतो, कुठल्या पत्त्यावर आहे, कर्नलचं लक्ष वेधायची कुठली तार (इंटरप्ट लाईन) त्याची, आणि चालू आहे की बंद. डीटीसी नावाचा कंपायलर त्याची डीटीबी बनवतो, बायनरी, बहुतेक वेळा शंभर केबीच्या आतबाहेरची. तिचे पहिले चार बाइट हेक्समध्ये लिहिले तर डूड फीड असं वाचता येतं, कुणा गंमतीदार माणसाने ठेवलेलं असणार. बूटलोडर, म्हणजे कर्नल चालू करून देणारा छोटा प्रोग्राम, कर्नल आणि डीटीबी दोन्ही रॅममध्ये आणतो, डीटीबीचा पत्ता प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ठेवतो आणि कर्नलमध्ये उडी मारतो. बस, एवढंच. आणि ही फाईल इमेजमध्ये नसेल किंवा भलत्याच बोर्डाची असेल तर सिरियल कन्सोलवर (यूआर्टच्या तारेने लॅपटॉपवर दिसणारं बोर्डाचं बोलणं) स्टार्टिंग कर्नल अशी ओळ येते आणि त्यानंतर काही म्हणजे काही येत नाही, एररसुद्धा नाही, कारण एरर कुठल्या यूआर्टवर छापायची हेही त्याच फाईलमध्ये लिहिलेलं असतं.

मी तिला म्हटलं, हा बोर्डाचा सातबारा समज. जमीन स्वतः काही बोलत नाही, ती किती, कुणाची, त्यात काय पेरलंय हे कागद सांगतो. स्टेटस बंद लिहिलेला यूआर्ट म्हणजे पड ठेवलेली जमीन, आहे पण कसत नाही. नंतर एखादा डिस्प्ले किंवा रिले बोर्ड जोडला तर मूळ उतारा खोडत नाहीत, वेगळी ओव्हरलेची फाईल जोडतात, म्हणजे फेरफार. ती हसली, तिच्या आजोबांचे तलाठ्याकडचे हेलपाटे तिने लहानपणी पाहिलेले होते, म्हणाली म्हणजे कागद आणि जमीन जुळली नाही तर भांडण. बरोब्बर. ते भांडण पुढे येतंच आहे.

आधी थोडं मागे जाऊ. एआरएमवर पूर्वी असा कागद नव्हता. प्रत्येक बोर्डाला एक नंबर मिळायचा, बूटलोडर तो नंबर कर्नलला द्यायचा आणि कर्नलच्या आतच त्या बोर्डासाठी लिहिलेली सी भाषेतली एक फाईल असायची, बोर्ड फाईल म्हणायचे तिला. बोर्ड थोडे होते तोवर ठीक. मग मोबाइल आले, चिपवाले शेकड्याने आले, प्रत्येकाने आपापली बोर्ड फाईल आणून ओतली, तोच तोच कोड पत्ते बदलून परत परत. मार्च २०११ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा संयम सुटला आणि त्याने एआरएमच्या लोकांना मेलिंग लिस्टवर त्याच्या नेहमीच्या भाषेत झापलं. (ती भाषा इथे लिहीत नाही, घरची मंडळीही हे वाचतात.) त्यानंतर डिव्हाइस ट्रीकडे जायचं काम जोरात सुरू झालं, आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ कर्नलपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर एकच कर्नल बायनरी चालवणं जमायला लागलं. ६४ बिटचं एआरएम त्याच ३.७ मध्ये आलं आणि त्याने तर बोर्ड फाईल हा प्रकार कधी पाहिलाच नाही.

पण ही कल्पना २०११ ची नाहीच. सन नावाच्या कंपनीच्या स्पार्क मशीनमध्ये ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून ओपनबूट नावाचं फर्मवेअर होतं, त्यातूनच १९९४ चं ओपन फर्मवेअरचं आयईईई स्टँडर्ड आलं, आणि त्यात मशीन स्वतःच आपलं झाड बनवून ऑपरेटिंग सिस्टीमला द्यायचं. ॲपलच्या पॉवरपीसी मॅकमध्ये पण तेच. आणि गंमत म्हणजे हे फर्मवेअर आपल्या कर्जतच्या बाजूलाही येऊन गेलंय. २००७ मध्ये तिथल्या एका वाडीवरच्या शाळेत पोरांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप दिले होते ना, वन लॅपटॉप पर चाइल्डवाले, त्यांच्यात ओपन फर्मवेअर होतं, सनमध्ये ते ज्याने लिहिलं त्या मिच ब्रॅडलीनेच केलेलं. म्हणजे त्या पोरांच्या हातातल्या मशीनला स्वतःच्या अंगात काय काय आहे ते ठाऊक होतं, आणि आज माझ्या टेबलावर त्याहून कितीतरी पट ताकदीचा बोर्ड पडलाय त्याला ते ठाऊक नाही. प्रगती अशी तिरकी चालते कधीकधी.

एआरएमवाल्यांनी कल्पना उचलली पण तिचा अर्धाच भाग. झाड घेतलं, ते बनवणारं फर्मवेअर नाही घेतलं. छोट्या बोर्डांवर तेवढं मोठं फर्मवेअर कोण ठेवणार, त्यामुळे झाड आधीच कंपाइल करून सपाट फाईलमध्ये ठेवायचं ठरलं (पॉवरपीसीवर हे २००५ च्या सुमारास सुरू झालं होतं, तेच पुढे आलं) आणि ती फाईल ठेवायची कुठे तर जिथे कर्नल आहे तिथे, म्हणजे इमेजमध्ये. इथून आमच्यासारख्या इमेज बनवणाऱ्यांच्या मागे हे लागलं ते लागलंच.

रास्पबेरी पाय हा छोटा स्वस्त बोर्ड वापरणाऱ्या पायवाल्यांना याचा झटका २०१५ च्या सुरुवातीला बसला. ३.१८ कर्नलबरोबर रास्पबेरी पायवर डिव्हाइस ट्री डीफॉल्ट झालं आणि अपडेट मारल्यावर लोकांचे चालते प्रोजेक्ट एका रात्रीत मुके, आयटूसी गायब, ऑडिओ बोर्ड गायब, सगळे फोरमवर रडारड. कॉन्फिगच्या फाईलमध्ये एक ओळ टाकली की काम व्हायचं, पण ती ओळ का टाकायची हे कुणाला कळत नव्हतं. आता मात्र पायचा बूट पार्टिशन मला या विषयातला सगळ्यात चांगला धडा वाटतो. एसडी कार्ड काढून लॅपटॉपला लावा, पहिल्या पार्टिशनमध्ये पाय ३ ची, ४ ची, ५ ची, झीरोची, सगळ्यांच्या डीटीबी ओळीने पडलेल्या दिसतील आणि शेजारी ओव्हरलेचं भलंमोठं फोल्डर. म्हणूनच पायची एक इमेज सगळ्या पायवर चालते. जादू काही नाही, सगळ्यांचे कागद एकाच पिशवीत घातलेत आणि पायचं फर्मवेअर बोर्डाचा रिव्हिजन नंबर बघून त्यातला बरोबर एक उचलतं. कोल्हापूरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं, आपण वेगळ्या इमेज बनवतो कारण आपण पिशवी भरायचा आळस करतो.

आळस हा शब्द जरा कडक झाला, पण बराचसा खराच आहे. योक्टोमध्ये, म्हणजे अशा इमेज बनवायच्या साधनात, काम करणाऱ्यांना माहीत असेल, डीटीबी कर्नलबरोबर कंपाइल होणं ही एक गोष्ट आणि ती बूट पार्टिशनमध्ये कॉपी होणं ही वेगळी गोष्ट, दोन वेगवेगळ्या जागी सांगावं लागतं. लोक पहिलं सांगतात, बिल्ड हिरवा होतो, डिप्लॉयच्या फोल्डरमध्ये फाईल दिसते, खूश, आणि कार्डावर मात्र ती नसतेच. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.५ कर्नलमध्ये ३२ बिट एआरएमच्या सगळ्या डीटीएस कंपनीवार फोल्डरमध्ये हलवल्या, चांगलंच केलं, एका फोल्डरमध्ये नुसता बाजार भरलेला होता, पण ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये जुने पाथ होते त्यांचे बिल्ड त्या दिवशी लाल.

आमचं प्रॉडक्ट सांगतो म्हणजे पिशवी का लागते ते कळेल. दूध संकलन केंद्रावर बसतो असा छोटा गेटवे, वजनकाट्याचं आणि फॅट मशीनचं रीडिंग घ्यायचं आणि वर सर्व्हरला पाठवायचं. २०२१ मध्ये जगभर चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा आमची ठरलेली ईथरनेटची चिप मिळेना. हार्डवेअरच्या लोकांनी दुसरी चिप घालून नवीन रिव्हिजन काढली, त्याबरोबर घड्याळाची चिपही बदलली. बाहेरून डबा तोच, स्टिकर तोच, गावोगावी दोन्ही प्रकार मिसळून गेलेले. आता अपडेट पाठवायचा तर केंद्रावरच्या माणसाला विचारणार का की काका तुमच्या डब्यात कुठली ईथरनेट चिप आहे? म्हणजे इमेज एकच पाहिजे, डीटीबी दोन पाहिजेत, आणि निवड बोर्डानेच केली पाहिजे. हार्डवेअरवाल्यांनी नव्या रिव्हिजनवर दोन रेझिस्टर टाकून दिले होते, दोन जीपीआयओ पिनांवर वर ओढायचा की खाली ओढायचा एवढाच फरक, दोन पिनांत चार रिव्हिजन ओळखता येतात. आमचा बूटलोडर यू-बूट उठला की त्या पिना वाचतो, डीटीबीचं नाव ठरवतो, आणि इमेजमध्ये त्या कर्नल व्हर्जनच्या नावाचं फोल्डर असतं त्यातून ती फाईल उचलतो. काही पैशांचे रेझिस्टर, पण त्यांच्याशिवाय हा बोर्ड स्वतःबद्दल एक अक्षर बोलू शकला नसता.

फोल्डरला कर्नल व्हर्जनचं नाव का, हा पुढचा प्रश्न आणि माझ्या मते खरा प्रश्न. नियम असा सांगतात की जुनी डीटीबी नव्या कर्नलबरोबर चाललीच पाहिजे, हार्डवेअर बदललेलं नाही तर वर्णन का बदलावं. ऐकायला एकदम पटतं. पण २०२० मध्ये काय झालं ते बघा. गिगाबिट ईथरनेटमध्ये आरजीएमआयआय नावाची जोडणी असते, त्यात क्लॉक आणि डेटा यांच्यात साधारण दोन नॅनोसेकंदांचं अंतर ठेवावं लागतं, आणि ते अंतर चिपने टाकायचं की बोर्डावरच्या तारांच्या लांबीने, हे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहायचं असतं. ऑलविनरच्या बऱ्याच बोर्डांच्या फाईलमध्ये चिपने अंतर टाकू नये अशा अर्थाचं लिहिलेलं होतं, जे चूक होतं, पण रियलटेकच्या ८२११ई चिपचा ड्रायव्हर तिकडे बघतच नव्हता, बोर्डावरच्या जोडणीने चिप आपली बरोबर चालत होती. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. मग कुणीतरी ड्रायव्हर सुधारला, अगदी नियमाप्रमाणे, फाईलमध्ये लिहिलंय तसंच वागायचं. आणि ५.९ कर्नलच्या सुमारास धडाधड बोर्डांचं नेटवर्क मेलं. लिंकचा दिवा लागतो, गिगाबिट दिसतं, पण पॅकेट एक जात-येत नाही. जमीन तीच, कागदातली जुनी चूक मोजणीवाला आल्यावर उघडी पडली.

मग एकेका बोर्डाची डीटीएस दुरुस्त करणारे पॅच आले. आता विचार करा, ही डीटीबी जर बोर्डाच्या फ्लॅशमध्ये कायमची बसलेली असती तर? प्रत्येकाला आधी फर्मवेअर फ्लॅश करा म्हणून सांगावं लागलं असतं, आणि नेटवर्क मेलेल्या बोर्डावर ते कसं करणार. डीटीबी इमेजमध्ये कर्नलच्या शेजारीच होती म्हणून कर्नल अपडेटबरोबर दुरुस्त कागदही पोचला, लोक सुटले. यावरून माझं मत पक्कं झालं की डीटीबी हे हार्डवेअरचं वर्णन आहे असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात ती हार्डवेअर आणि त्या वेळचा कर्नल यांच्यातली बोलणी असते, दोघांनी कशाला काय म्हणायचं ते ठरवलेलं. एक बाजू बदलली की कागद परत बघावा लागतो. म्हणून इमेज बनवताना त्या कर्नलच्या सगळ्या डीटीबी, त्याच सोर्समधून त्याच बिल्डमध्ये केलेल्या, कर्नलच्या बाजूलाच. डेबियन, फेडोरा दोघंही साधारण असंच करतात, व्हर्जनच्या नावाने वेगळ्या. जुना कर्नल परत उचलायची वेळ आली तर त्याची जुनी डीटीबीही त्याच्याबरोबर परत आली पाहिजे, नाहीतर रोलबॅकला अर्थ नाही.

समोरची बाजू पण कच्ची नाहीये. एआरएमच्या सर्व्हर आणि एम्बेडेड स्टँडर्डवाल्यांचं म्हणणं की वर्णन फर्मवेअरनेच द्यावं, तरच पीसीसारखी कुठलीही इमेज कुठल्याही बोर्डावर चालेल, आज बनलेली इमेज उद्या बाजारात येणाऱ्या बोर्डाची डीटीबी कुठून आणणार? बरोबर आहे. आणि काही गोष्टी फर्मवेअरशिवाय कुणाला माहीतच नसतात. पाय ४ एक, दोन, चार आणि आठ जीबीत येतो, डीटीबी सगळ्यांना एकच, रॅम किती ते फर्मवेअर उठता उठता त्या फाईलमध्ये भरतं, मॅक ॲड्रेस आणि सिरियल नंबरसुद्धा. म्हणजे कार्डावर आहे ती फाईल कधीच शेवटची नसते, कर्नलच्या हातात पडणारी प्रत रॅममध्ये दुरुस्त केलेली असते. चालू पायवर प्रॉक फोल्डरमध्ये डिव्हाइस-ट्री उघडून बघा, कार्डावरच्या फाईलपेक्षा तिथे जास्त लिहिलेलं सापडेल.

सध्या हे भांडण लॅपटॉपवर येऊन पोचलंय, आणि आता ते आमच्यासारख्या मूठभरांचं राहिलं नाही. स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप २०२४ मध्ये आले, त्यांच्यात एसीपीआयची टेबलं आहेत पण ती विंडोजच्या ड्रायव्हरांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली, लिनक्सला त्यावर चालता येत नाही, त्याला डीटीबी लागते. म्हणजे दिसायला पीसी, पीसीचं यूईएफआय फर्मवेअर वगैरे सगळं, आणि आतून आमच्या गेटवेचा भाऊ. वर सिक्युअर बूटचं, म्हणजे सही असलेल्याच फाईली चालवू द्यायच्या सोयीचं लफडं, कुणीही बाहेरून डीटीबी घुसवली तर हार्डवेअरचे पत्ते फिरवून वाटेल ते करता येईल, म्हणून सिक्युअर बूट चालू असताना ग्रब हा पीसीवरचा बूटलोडर सुटी डीटीबी घेतच नाही. मग ती सहीच्या आत पाहिजे. यू-बूटवाल्यांकडे याला फिट इमेज आहे, कर्नल, सगळ्या डीटीबी, रॅमडिस्क एकाच फाईलमध्ये सहीसकट, आणि ती फाईल स्वतःच आतून डिव्हाइस ट्रीच्या फॉरमॅटमध्ये असते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा भारी वाटलं होतं. लिनक्स उठल्यावर बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीवाल्यांनी डिसेंबर २०२४ च्या २५७ व्हर्जनमध्ये असंच काहीसं आणलं, एकाच सही केलेल्या कर्नल फाईलमध्ये खंडीभर डीटीबी भरायच्या आणि बूट होताना मशीन ओळखून त्यातली एक निवडायची. म्हणजे शेवटी पिशवीच, फक्त आता तिला सील.

एका गोष्टीची मात्र अजून चीड येते. स्वस्तातला एखादा बोर्ड मागवावा, बरोबर इमेज यावी, त्यात एकच डीटीबी आणि तिची डीटीएस कुठेच नाही, मागितली तर उत्तर नाही. डीटीसी उलटा चालवून टेक्स्ट परत काढता येतं, पण नावांच्या जागी नुसते आकडे, हा क्लॉक त्या क्लॉकला का जोडलाय ते कळायला सर्किटचा नकाशा आणि मल्टिमीटर घेऊन बसावं लागतं. कर्नलमधल्या कित्येक डीटीएस मुद्दाम दुहेरी लायसन्सने दिलेल्या असतात, की बीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनाही वापरता याव्यात, तिकडे एवढा मोठेपणा आणि इकडे स्वतःच्या गिऱ्हाईकालाही कागद दाखवायचा नाही.

असो. आमच्याकडे आता तिसरी रिव्हिजन येतेय आणि मी हार्डवेअरवाल्यांच्या मागे लागलोय की रेझिस्टर पुरे, यावेळी एक छोटी ईईप्रॉम टाका, वीज गेली तरी लिहिलेलं लक्षात ठेवणारी चिप. पायच्या हॅटवर, म्हणजे पायच्या डोक्यावर बसवायच्या जोडबोर्डावर, २०१४ पासून असते तशी, म्हणजे रिव्हिजन, सिरियल, मॅक सगळं बोर्डाच्याच अंगावर राहील, हॅटवाले तर आपल्या ओव्हरलेचा तुकडाही त्यातच ठेवतात. डीटीबी इमेजमध्येच, ओळख बोर्डावर, अशी वाटणी मला बरी वाटते. हार्डवेअरवाले तयार आहेत, कोल्हापूरच्या मुलीने यू-बूटमधला ती वाचायचा कोडही लिहून ठेवलाय. परचेसचा मेल आलाय की दोन रेझिस्टरवर आत्तापर्यंत चाललं ना, मग प्रत्येक बोर्डामागे हा जास्तीचा खर्च कशाला, कारण लेखी कळवावे. तर आता ते लिहायला घेतो.